वाचकांचे प्रश्न : दोन बटणं, दोन सिग्नल आणि एकच इन्फ्रारेड

शाळांची प्रदर्शनं जवळ आली की इन्फ्रारेडचे प्रश्न वाढतात, या वेळी तर इतके आले की बाकीची पत्रं पुढच्या अंकाला ठेवली आणि हे सगळे एकत्रच घेतले. बऱ्याच जणांची अडचण मुळात एकच आहे, दोन वेगळे सिग्नल पाठवायचे आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, म्हणून पहिलं उत्तर मोठं झालंय, तेवढं नीट वाचा.

प्रश्न (कराड) : मी ५५५ या टायमर आयसीवर दोन ट्रान्समीटर केले, एक ३६ किलोहर्ट्झला आणि दुसरा ३८ ला. रिसिव्हरला पण इन्फ्रारेड पकडणारे तसेच दोन पार्ट, टीएसओपी १७३६ आणि १७३८. एका बटणाने हिरवा एलईडी लागावा आणि दुसऱ्याने लाल, एवढंच हवंय. पण कुठलंही बटण दाबलं तरी दोन्ही एलईडी लागतात, आणि बटण दाबून धरलं तर क्षणात दोन्ही विझतात. पार्ट डुप्लिकेट आले असतील का?

उत्तर : पार्टचा दोष वाटत नाही, ते जसे वागायला हवेत तसेच वागतायत. तुमच्या सर्किटमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी चालल्यात, त्या वेगळ्या करून बघू.

पहिली गोष्ट फिल्टरची. टीएसओपीच्या आत फोटोडायोड, ॲम्प्लिफायर आणि त्याच्या पुढे एक बँडपास फिल्टर म्हणजे ठरावीक पट्ट्यातलीच फ्रिक्वेन्सी पुढे सोडणारी चाळणी असते, ३८ चा पार्ट म्हणजे या फिल्टरचा मध्य ३८ वर आहे एवढाच त्याचा अर्थ. फिल्टरची रुंदी मध्याच्या साधारण दहावा हिस्सा धरा, म्हणजे ३८ च्या खाली-वर दोन-दोन किलोहर्ट्झपर्यंत तो सहज ऐकतो आणि तुमचं ३६ बरोब्बर त्याच काठावर येतं. त्यातून हा पार्ट खोलीच्या पलीकडच्या भिंतीवरून उलटून आलेला प्रकाश पण पकडेल एवढा संवेदनशील बनवलेला असतो. टेबलावर एक मीटरवरून तुम्ही सिग्नल मारताय तेव्हा फिल्टरने तो बराच कमी केला तरी उरलेला भरपूर होतो. ३८ आणि ५६ अशी जोडी घेतली तर लांबून थोडा फरक दिसेल पण जवळून ५६ चा पण शिरकाव होतो. त्यामुळे कॅरियर, म्हणजे सिग्नल वाहून नेणारी ही ३६-३८ ची फ्रिक्वेन्सी, वेगळा ठेवून चॅनेल वेगळे करायचा नाद सोडा.

दुसरी गोष्ट, दाबून धरल्यावर विझण्याची. टीएसओपीमध्ये ऑटोमॅटिक गेन कंट्रोल असतो, म्हणजे गेन किंवा संवेदनशीलता तो आपोआप कमी-जास्त करतो. सतत, न थांबता येणारा ३८ किलोहर्ट्झ त्याला सिग्नल वाटतच नाही, खोलीतल्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबलाइटसारखा त्रास वाटतो आणि तो गेन कमी करून टाकतो. त्याला सिग्नल तुकड्यातुकड्याने हवा असतो, थोडा वेळ ३८ चालू, थोडा वेळ बंद. या चालू तुकड्याला बर्स्ट म्हणतात. १७३८ ला बर्स्ट कमीत कमी १० सायकलचा लागतो आणि त्यानंतर निदान १४ सायकलची शांतता. दार ओलांडणारा माणूस पकडायला सतत बीमच हवा असेल तर टीएसएसपी ४०३८ सारखा वेगळा पार्ट मिळतो, पण तुमचं काम ते नाही.

आता या बर्स्टमध्येच तुमचं उत्तर आहे. कॅरियर दोन्ही बटणांना एकच ठेवायचा, ३८, आणि बर्स्ट किती वेगाने येतात ते वेगळं ठेवायचं. हिरव्यासाठी सेकंदाला ४०० बर्स्ट, लालसाठी ९००. टीएसओपी कॅरियर काढून टाकतो, त्यामुळे त्याच्या आउटपुटला तुम्हाला ४०० किंवा ९०० हर्ट्झची स्वच्छ चौकोनी लाट मिळते, आणि ती ओळखायला एलएम ५६७ नावाचा टोन डिकोडर आहे, जुनाच पण अजून मिळतो, प्रत्येक टोनला म्हणजे बर्स्टच्या वेगाला एक लागेल. प्रोग्रामिंग अजिबात लागत नाही. ४०० आणि ९०० च का, तर एक आकडा दुसऱ्याच्या दुप्पट किंवा तिप्पट नसावा म्हणून. चौकोनी लाटेत तिच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी पण असतात, ३०० आणि ९०० घेतलं असतंत तर ३०० चं बटण दाबल्यावर लाल पण उजळला असता.

ट्रान्समीटर असा करा. तीन ५५५ घ्या. एक कॅरियरचा, त्याला कॅपॅसिटर १ नॅनोफॅरड म्हणजे १०२, पिन ७ वरून प्लसला १ के म्हणजे १००० ओहमचा रेझिस्टर, आणि ६-७ मध्ये १५ के अधिक ५ के चा प्रीसेट, म्हणजे स्क्रूने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर. प्रीसेट फिरवून ३८ वर येतं. हा १०२ शक्यतो बॉक्स टाइपचा घ्या, साधा डिस्क तापमानाबरोबर सरकतो. उरलेले दोन ५५५ टोनचे, दोघांना ०.१ मायक्रो आणि वरचा १ के तोच, पण ४०० साठी १५ के अधिक ५ के प्रीसेट आणि ९०० साठी ५.६ के अधिक ५ के प्रीसेट. प्रत्येक टोनच्या ५५५ चा सप्लाय त्याच्या त्याच्या बटणातून द्यायचा, बटण दाबलं की तोच जागा होतो. दोघांच्या पिन ३ वरून एकेक १एन ४१४८ डायोड कॅरियरच्या पिन ४ ला, आणि पिन ४ वरून ग्राउंडला १ के. पिन ४ म्हणजे रिसेट, ती खाली असेपर्यंत कॅरियर गप्प, वर गेली की चालू, म्हणून टोनच्या तालावर ३८ चालू-बंद होतो. कॅरियरच्या पिन ३ वरून ६८० ओहम, पुढे २एन २२२२ किंवा बीसी ३३७ चा बेस, आणि कलेक्टरला दोन इन्फ्रारेड एलईडी सिरीजमध्ये ३३ ओहममधून प्लसला. चार पेन्सिल सेल, ६ व्होल्ट. एलईडीत साधारण ९० मिलिॲम्पचे झटके जातात पण सरासरी त्याच्या पावपट असते त्यामुळे गरम होत नाहीत. बीसी ५४७ वापरू नका, त्याची मर्यादाच १०० मिलिॲम्पची आहे. छोटी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी पण नको, ती असे झटके फार वेळ देऊ शकत नाही.

रिसिव्हर ५ व्होल्टवर चालवा, ७८०५ लावून. टीएसओपी एकच पुरे, तुमचा दुसरा जपून ठेवा. त्याच्या सप्लायला १०० ओहम आणि ४.७ मायक्रो पिनजवळच लावा, हे टाळलंत तर पुढे कधी रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच जोडलात आणि तो ओढला की टीएसओपी भलतंच काहीतरी ऐकू लागतो. आउटपुटवरून प्लसला १० के, म्हणजे पुलअप. तिथून दोन वाटा, प्रत्येकीत २२० के आणि ०.१ मायक्रो सिरीजमध्ये, आणि मग त्या त्या ५६७ ची पिन ३. हा २२० के विसरू नका, ५६७ ला इनपुट ०.२ व्होल्टच्या आसपासच लागतो, थेट ५ व्होल्टची लाट दिली तर तो शेजारच्या फ्रिक्वेन्सीला पण भुलतो. ५६७ ची फ्रिक्वेन्सी म्हणजे १ भागिले १.१ गुणिले आर गुणिले सी. आर पिन ५ आणि ६ मध्ये, सी पिन ६ वरून ग्राउंडला. ४०० साठी सी ०.२२ मायक्रो, ९०० साठी ०.१ मायक्रो, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे आर १० के च्या जवळपासच निघतो, म्हणून दोन्हीकडे ८.२ के अधिक ५ के प्रीसेट. पिन २ ला ४०० साठी १० मायक्रो आणि ९०० साठी ४.७, पिन १ ला त्याच्या दुपटीने, २२ आणि १०. सप्लाय पिन ४, ग्राउंड पिन ७. पिन ८ ओपन कलेक्टर आहे, टोन ओळखला की ती खाली ओढते, म्हणून एलईडी ३३० ओहममधून प्लसकडून पिन ८ कडे लावायचा.

सेटिंगला ऑसिलोस्कोप लागत नाही, हर्ट्झ दाखवणारा मल्टीमीटर बास झाला. कॅरियरची पिन ४ थोडा वेळ प्लसला धरून पिन ३ वर ३८ किलोहर्ट्झ आणा. टोनच्या ५५५ ची बटणं दाबून त्यांच्या पिन ३ वर ४०० आणि ९००. मग ट्रान्समीटर बंद ठेवून प्रत्येक ५६७ ची पिन ५ बघा, तिथे त्याची स्वतःची लाट मिळते, प्रीसेटने तोच आकडा आणा. एवढं झालं की बटण दाबल्यावर दोन्ही आपापले एलईडी लावतील. काहीच झालं नाही तर आधी ट्रान्समीटरचा एलईडी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, जांभळट उजेड दिसायला हवा. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, मग पुढचा सेल्फीचा कॅमेरा वापरून बघा.

एक सांगून ठेवतो, टीएसओपीच्या काही नव्या मॉडेलमध्ये गेन कंट्रोल जास्त कडक आहे, त्यांना सेकंदाला ९०० बर्स्ट सतत दिले तर ते पण थोड्या वेळाने गप्प बसतात. घेताना डाटाशीटमध्ये सेकंदाला किती बर्स्ट सतत चालतात ते बघून घ्या.

प्रश्न (परभणी, इयत्ता दहावी) : सर, बाजारात ८५० नॅनोमीटर आणि ९४० नॅनोमीटर असे दोन प्रकारचे इन्फ्रारेड एलईडी मिळतात. एका चॅनेलला ८५० आणि दुसऱ्याला ९४० लावला तर सिग्नल आपोआप वेगळे होतील ना? रंग वेगळा म्हणजे सिग्नल वेगळा असं मला वाटतं.

उत्तर : विचार चांगला केलास, आणि मोठ्या कामात असं खरंच करतात, ऑप्टिकल फायबरमध्ये एकाच तंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबीचे प्रकाश पाठवून माहिती वेगळी ठेवतात. पण तिथे ते वेगळे करायला नेमके फिल्टर असतात. तुझ्या फोटोडायोडला असा काटेकोर फिल्टर नाही, सिलिकॉनचा डायोड ८५० पण बघतो आणि ९४० पण. टीएसओपी ९५० च्या आसपास सगळ्यात चांगलं बघतो, ८५० ला कमी, पण कमी म्हणजे शून्य नाही, जवळ आणलास की तो ८५० ला पण प्रतिसाद देतो. तुला हे स्वतः बघता येईल, एकाच ट्रान्समीटरवर एकदा हा एलईडी लाव आणि एकदा तो, आणि किती लांबपर्यंत चालतंय ते टेपने मोजून वहीत लिही. प्रदर्शनात हा तक्ता लावलास तर बघणाऱ्यांना नुसत्या लागणाऱ्या दिव्यापेक्षा जास्त समजेल. चॅनेल वेगळे करायला मात्र वरच्या उत्तरातली टोनची पद्धत वापर.

प्रश्न (नाशिक, विज्ञान शिक्षिका) : आमच्या मुलांनी दोन रोबो गाड्या केल्यात, दोन्हींवर आर्डुइनो म्हणजे प्रोग्राम करायचा छोटा बोर्ड, आणि टीएसओपी. रिमोट पण आर्डुइनोचेच आहेत, बटण दाबलेलं असेपर्यंत एनईसी या रिमोटच्या कोडची अख्खी फ्रेम म्हणजे एक पूर्ण संदेश पुन्हा पुन्हा जातो, दोन गाड्यांचे ॲड्रेस म्हणजे ओळख क्रमांक वेगळे ठेवलेत. एकेकटी गाडी छान चालते पण शर्यत लावली की दोन्ही अडखळतात, कधी कधी जागची हलतच नाहीत. ॲड्रेस वेगळे असून असं का होतं?

उत्तर : बाई, तुमच्या मुलांनी कोड बरोबर लिहिलाय, अडचण हवेतली आहे. टीएसओपी फक्त एवढंच सांगतो की आत्ता ३८ चा प्रकाश आहे की नाही. अंधारात दोघांनी एकदम टाळ्या वाजवल्या तर टाळी वाजतेय एवढं कळतं पण कोण कुठल्या तालावर वाजवतोय ते कळत नाही, तसंच इथे होतं. दोन रिमोटचे बर्स्ट एकमेकांवर पडले की मधल्या मोकळ्या जागा भरून जातात, आणि एनईसीमध्ये शून्य आणि एक हे त्या मोकळ्या जागेच्या लांबीवरूनच ठरतात. ॲड्रेस वेगळा असल्याचा फायदा एवढाच की चुकीची गाडी पळत नाही.

आता वेळेचा हिशोब मुलांकडून फळ्यावर करून घ्या, त्यांना आवडेल. एनईसीची पूर्ण फ्रेम ६७.५ मिलिसेकंदांची, आधी ९ चा मोठा बर्स्ट, ४.५ ची शांतता आणि मग ३२ बिट. ती साधारण १०८ मिलिसेकंदांनी पुन्हा जाते. दोन रिमोट दाबून धरले तर दोघांना मिळून १३५ मिलिसेकंद लागतात आणि जागा आहे १०८ ची. म्हणजे कसंही केलं तरी फ्रेम एकमेकांवर पडणारच.

उपाय म्हणून लहान फ्रेमचा कोड घ्या. फिलिप्सचा आरसी ५ हा जुना कोड १४ बिटांचा आहे, एक बिट १.७७८ मिलिसेकंदाचा, म्हणजे अख्खी फ्रेम २५ मिलिसेकंदांत संपते. त्यात ५ बिट ॲड्रेसला आहेत म्हणजे ३२ गाड्या झाल्या, आणि ६ बिट कमांडला, तुम्हाला पुढे, मागे, डावी, उजवी आणि थांब एवढंच लागतं. आर्डुइनोच्या आयआररिमोट लायब्ररीत हा कोड तयार आहे. तो ३६ किलोहर्ट्झवर जातो पण तुमचा ३८ चा टीएसओपी तो घेतो, कारण पहिल्याच प्रश्नात बघितलं तसं त्याचा फिल्टर रुंद आहे. कराडच्या वाचकांना जी अडचण झाली ती इथे आपल्या कामाची.

आणखी एक महत्त्वाचं. दोन्ही रिमोट जर नेमके तेवढ्याच अंतराने फ्रेम पाठवत असतील तर एकदा टक्कर झाली की पुढचीही टक्कर होते आणि तशीच होत राहते. म्हणून एका रिमोटला १०० मिलिसेकंदांनी पाठवायला सांगा आणि दुसऱ्याला १३० ने. मग एखाद-दुसरी फ्रेम वाया गेली तरी त्यापुढची निसटून पोचते. लेगोच्या पॉवर फंक्शन्स खेळण्यांत हेच केलंय, तिथे चार चॅनेल आहेत, सगळे ३८ वरच, प्रत्येक मेसेज अनेकदा पाठवला जातो आणि दोन मेसेजमधला वेळ चॅनेलप्रमाणे वेगळा ठेवलेला असतो. गाडीच्या प्रोग्राममध्ये पण एक बदल करा, फ्रेम आली नाही की लगेच मोटर बंद करू नका, शेवटची कमांड निदान ३०० मिलिसेकंद चालू ठेवा. अडखळणं बहुतेक तेवढ्यानेच कमी होईल.

मुलांपैकी कोणाला याच्या पुढे जायचं असेल तर दोन सिग्नल खरोखर एकाच वेळी घेता येतात, पण त्यासाठी टीएसओपी बाजूला ठेवावा लागतो. साधा फोटोडायोड आणि ऑपॲम्प म्हणजे सिग्नल वाढवणारा आयसी घेतला तर दोन्ही प्रकाशांची बेरीज आउटपुटला मिळते, आहे-नाही असं उत्तर न देता तो किती आहे ते सांगतो, आणि त्या बेरजेतून दोन ५६७ आपापला टोन उचलू शकतात. मात्र उन्हाची आणि ट्यूबलाइटची काळजी मग आपल्याला घ्यावी लागते, जी टीएसओपी गुपचूप घेत असतो. अकरावी-बारावीच्या मुलांना हे जमेल, सातवी-आठवीला देऊ नका.

प्रश्न (सोलापूर) : १७३८ मिळाला नाही म्हणून दुकानदाराने ४८३८ दिला, सेमच आहे म्हणाला. लावल्या लावल्या चटका बसेल इतका गरम झाला. सर्किट तेच होतं.

उत्तर : काम सेम आहे पण पिना वेगळ्या आहेत. गोल भिंग तुमच्याकडे तोंड करून धरलंत तर १७३८ च्या पिना डावीकडून ग्राउंड, सप्लाय, आउटपुट. ४८३८ च्या, तसंच ३८२३८ आणि व्हीएस १८३८ च्या, आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. म्हणजे तुम्ही नकळत ग्राउंडच्या पिनला ५ व्होल्ट दिलेत. लगेच काढला असेल तर कधी कधी वाचतो, योग्य पिनांवर लावून टीव्हीचा रिमोट दाबून बघा, आउटपुट एरवी ५ व्होल्टजवळ असतं आणि बटण दाबलं की मीटरवर खाली थरथरतं. थरथरलं नाही तर नवीन घ्या, स्वस्त पार्ट आहे. १७३८ आता बनत नाही, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जुना साठा मिळतो पण नव्या सर्किटसाठी ४८३८ किंवा ३८२३८ धरूनच चला. हे दोन्ही ३.३ व्होल्टवर पण चालतात, १७३८ ला ४.५ च्या वरच लागतं.

प्रश्न (जळगाव) : घरात आठ मीटरवरून चालणारा रिमोट शाळेच्या मैदानावर मांडवात दीड मीटरवर पण चालेना. सेल नवीन आहेत.

उत्तर : उन्हात इन्फ्रारेड प्रचंड असतं आणि रिसिव्हरचा फोटोडायोड त्यातच बुडून जातो. टीएसओपीला काळ्या कागदाची दोन-तीन इंच लांब नळी घाला, आतून पण काळीच हवी, आणि तिचं तोंड आकाशाकडे किंवा मांडवाच्या उघड्या बाजूकडे येणार नाही असं ठेवा. रिसिव्हर सावलीत आणि पाठ सूर्याकडे. ट्रान्समीटरला अरुंद कोनाचा एलईडी लावा, त्याच करंटला प्रकाश जास्त लांब जातो, नेम मात्र नीट धरावा लागतो. करंट वाढवायचा मोह होतो, पण या ऊन-सावलीच्या उपायांनी जेवढा फरक पडतो तेवढा त्याने पडत नाही, करंट चौपट केला तर अंतर जेमतेम दुप्पट होतं.

प्रश्न (रत्नागिरी, एक आई) : मुलगा नववीत आहे. त्याला असल्याच दोन बटणांच्या रिमोटवर घरातला दिवा आणि पंखा चालवून दाखवायचाय. ५ व्होल्टचं रिले मॉड्यूल आणलंय आणि खोक्यातून २३० व्होल्टची वायर घेणार म्हणतो. करू देऊ का?

उत्तर : २३० व्होल्ट करू देऊ नका, ताई. रिलेच्या स्क्रूवर उघडा फेज असतो, प्रदर्शनात लहान मुलं बोटं घालतात, आणि ब्रेडबोर्डवरची वायर निसटून तिथे टेकली तर रिसिव्हरचं अख्खं सर्किट पण हात लावायला सुरक्षित राहत नाही. त्याचा उत्साह मोडायची काही गरज नाही, दिवा म्हणून १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणि पंखा म्हणून जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा फॅन घ्या, दोन्ही एका १२ व्होल्ट २ ॲम्पच्या ॲडॅप्टरवर चालतात. रिले तोच, सर्किट तेच, त्याचं शिकणं पण तेवढंच. सर्किटचा ७८०५ याच ॲडॅप्टरवर लावला तर तो थोडा तापेल, त्याला छोटी हीटसिंक लावा. फॅनच्या मोटरला उलटा १एन ४००७ लावायला सांगा, डायोडची पट्टी प्लसकडे. आणि एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद असं हवं असेल तर ५६७ च्या पिन ८ आणि रिलेच्या मध्ये सीडी ४०१३ चा फ्लिपफ्लॉप लागेल, त्याचं सर्किट पुढच्या अंकात देतोय.